प्राप्तिकर : एकच दर की एकच व्याख्या?

(एका व्याख्यानमालेत ‘प्राप्तिकराचे सुलभीकरण’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



प्रारंभीच एक कबुली देतो. मी अर्थशास्त्रज्ञ नाही आणि सनदी लेखापालही नाही. कला शाखेचा पदवीधर असलेला आणि वृत्तपत्राच्या कचेरीत अर्थसंकल्पाच्या अनेक रात्री जागवलेला एक पत्रकार, एवढीच माझी पात्रता. त्यामुळे आजचा विषय मी तज्ज्ञाच्या नव्हे, तर दरवर्षी विवरणपत्र भरताना घाम पुसणाऱ्या सामान्य करदात्याच्या भूमिकेतून मांडणार आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या आत्याने. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, एकटी राहणारी. निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि आयुष्यभराची बचत दोन बँकांतील मुदत ठेवींत. काही वर्षांपूर्वी एका बँकेत ‘१५ एच’ हा अर्ज वेळेवर द्यायचा तिच्याकडून राहून गेला. बँकेने नियमाप्रमाणे व्याजातून सहा हजार दोनशे रुपये कर कापून घेतला. वास्तविक तिचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतच होते. म्हणजे जो कर तिने देणेच लागत नव्हते तो तिच्याकडून घेतला गेला आणि तो परत मिळवण्यासाठी तिला विवरणपत्र भरावे लागले. सल्लागाराची फी पंधराशे रुपये, बँकेत तीन खेपा, एकदा रिक्षातून पडता पडता वाचली. परतावा आला तो पुढच्या वर्षी. “अरे, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला,” असे म्हणून ती हसली. मग तिने विचारले, “जे देणे नाही ते न देण्यासाठीसुद्धा माणूस एवढा हुशार असावा लागतो का?”

आजचे माझे व्याख्यान हे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

फ्लॅट टॅक्सचे आकर्षण

प्राप्तिकराची गुंतागुंत असह्य झाली की एक उपाय हमखास सुचवला जातो. तो म्हणजे सर्व टप्पे, सर्व सवलती, सर्व अधिभार रद्द करा आणि एका मर्यादेवरील सर्व उत्पन्नावर सर्वांना एकाच दराने कर लावा. यालाच ‘फ्लॅट टॅक्स’ म्हणतात. अमेरिकेतील रॉबर्ट हॉल आणि ॲल्विन रबुष्का या दोन अभ्यासकांनी १९८१ साली ही कल्पना तपशिलाने मांडली. दर १९ टक्के, आणि विवरणपत्र एवढे छोटे की ते एका पोस्टकार्डावर मावावे! ते पोस्टकार्ड जगभर गाजले. त्यांच्या स्वतःच्या देशाच्या केंद्र सरकारने मात्र ती योजना कधीच स्वीकारली नाही. ती स्वीकारली सोव्हिएत साम्राज्याच्या ढिगाऱ्यातून नव्याने उभ्या राहणाऱ्या छोट्या देशांनी.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी आहे असे मात्र समजू नये. प्राचीन भारतात राजाचा वाटा म्हणून ‘षड्भाग’ म्हणजे सहावा हिस्सा सांगितला गेला, तो एका अर्थी एकच दर होता. परंतु त्याच कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेताला पाणी हाताने घातले, खांद्यावरून वाहून आणले की यंत्राने उपसले, यानुसार पाण्यावरचा राजभाग पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बदलतो. म्हणजे ‘एकच दर’ आणि ‘ऐपतीप्रमाणे दर’ या दोन तत्त्वांमधली ओढाताण आपल्याकडे दोन हजार वर्षे जुनी आहे. आणि आपल्या महाराष्ट्रात? शिवछत्रपतींच्या राज्यात जमिनीची मोजणी करून, प्रत ठरवून, पिकाचे पाच भाग करावेत, तीन रयतेला आणि दोन सरकारात, अशी व्यवस्था होती, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. आजच्या मानाने तो दर जड वाटेल. पण त्या व्यवस्थेचे सामर्थ्य दर कमी असण्यात नव्हते. आपल्याला किती द्यायचे आहे हे रयतेला आधीच ठाऊक होते, मधल्या देशमुख-देशपांड्यांच्या लहरीवर ते अवलंबून नव्हते, यात ते सामर्थ्य होते. हा मुद्दा कृपया ध्यानात ठेवावा. शेवटी मी त्याकडे पुन्हा येणार आहे.

आपली वाट कशी चुकली?

भारतात प्राप्तिकर आणला तो जेम्स विल्सन या वित्त सदस्याने, १८६० साली. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराने रिकामी झालेली ब्रिटिशांची तिजोरी भरण्यासाठी. पुढे १८८६, १९२२ आणि १९६१ असे कायदे झाले. १९६१ च्या कायद्यात मूळ कलमे २९८ होती. दरवर्षीच्या दुरुस्त्यांनी ‘क’, ‘कक’, ‘ककक’ अशी शेपटे जोडत जोडत ती आठशेच्या वर गेली.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डोर यांना भारत सरकारने सल्ल्यासाठी बोलावले. त्यांच्या अहवालातील संपत्ती कर आणि खर्च कर आपण १९५७ मध्ये लगोलग स्वीकारले. पण याच काल्डोर महाशयांनी प्राप्तिकराचा कमाल दर ४५ टक्क्यांच्या आसपास आणावा, असेही सुचवले होते. तो भाग मात्र सोयीस्करपणे बासनात गुंडाळला गेला. नवे कर घेतले, जुन्याचा भार हलका करण्याचा सल्ला सोडला.

याचा कळस झाला १९७३-७४ मध्ये. दोन लाखांवरील उत्पन्नावर ८५ टक्के कर आणि त्यावर १५ टक्के अधिभार मिळून दर झाला ९७.७५ टक्के! वरच्या टप्प्यात शंभर रुपये मिळवले तर हातात सव्वादोन रुपये. वर संपत्ती कर निराळाच. समाजवादाच्या नावाने केलेल्या या व्यवस्थेने श्रीमंत गरीब झाले नाहीत आणि गरीब श्रीमंत झाले नाहीत. वाढला तो फक्त काळा पैसा. माजी सरन्यायाधीश न्या. कै. ना. वांछू यांच्या समितीने १९७१ मध्येच सांगितले होते की, करचुकवेगिरीचे एक प्रमुख कारण हे अवाजवी दर आहेत. शहाणपण उशिरा आले, पण आले. १९७४ मध्ये दर ७७ टक्क्यांवर आला, १९८५ मध्ये ५० टक्क्यांवर आणि १९९७ च्या अर्थसंकल्पात १०, २० व ३० टक्के असे तीनच टप्पे झाले. वरचा मूळ दर तेव्हापासून ३० टक्केच राहिला आहे.

म्हणजे दरांची लढाई आपण बऱ्याच अंशी जिंकली. मग गुंता का सुटला नाही?

गुंता टप्प्यांत नाही

आपण विवरणपत्र भरतो तेव्हा वेळ कुठे जातो ते आठवून पाहा. टप्प्यांनुसार कर काढणे हे पाचवीतल्या मुलाचे गणित आहे. संगणक ते क्षणात करतो. वेळ जातो तो त्याआधी. कोणते उत्पन्न धरायचे आणि कोणते नाही? विम्याचा हप्ता, भविष्य निर्वाह निधी, मुलांची शाळेची फी, घरभाड्याच्या पावत्या, घरकर्जाचे व्याज, आरोग्य विमा, देणगी. प्रत्येकाला निराळे कलम, निराळी मर्यादा आणि निराळा पुरावा. शेअर विकून आलेला नफा किती महिन्यांनंतरचा, घर विकून आलेला नफा किती वर्षांनंतरचा, याला पुन्हा निराळे दर. दर एक असो की सहा, करपात्र उत्पन्न ठरेपर्यंतचा हा सारा प्रवास तसाच राहतो.

विवरणपत्रांच्या एका नमुन्याला सरकारने नाव दिले ‘सहज’, दुसऱ्याला ‘सुगम’. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

फ्लॅट टॅक्सच्या कट्टर समर्थकांची गफलत नेमकी येथेच होते, असे माझे नम्र मत आहे. हॉल आणि रबुष्का यांचे पोस्टकार्ड छोटे होते ते १९ टक्के या एका आकड्यामुळे नव्हे. त्यांनी जवळजवळ साऱ्या सवलतीच पुसून टाकल्या होत्या, म्हणून ते छोटे होते.

तरीही एकच दर असण्याचे काही खरे लाभ आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. पहिला लाभ, उत्पन्न कोणाच्या नावावर दाखवायचे ही कसरत बरीचशी थांबते. पत्नीच्या नावे ठेव, मुलाच्या नावे शेअर, हिंदू अविभक्त कुटुंबाचे निराळे खाते, आणि ते रोखण्यासाठी उत्पन्न एकत्र धरण्याची कलमे, हा सारा उंदीर-मांजराचा खेळ चढत्या दरांमुळे जन्माला येतो. वरचा दर सर्वांना सारखाच असेल तर पैसे या खिशातून त्या खिशात हलवण्यात फारसा फायदा उरत नाही. दुसरा लाभ थकबाकीचा. वेतन आयोगाची काही वर्षांची थकबाकी एकाच वर्षी मिळाली की उत्पन्न वरच्या टप्प्यात जाते आणि मग १९६१ च्या कायद्याच्या कलम ८९ खाली दिलासा मिळवण्यासाठी ‘१० ई’ अर्ज भरावा लागे. येथे उपस्थित असलेल्या शिक्षक बंधु-भगिनींना तो चांगला आठवत असेल. दर एकच असता तर ती पीडा बरीच टळली असती. तिसरा लाभ, मूळस्थानी कापलेला कर हाच बहुतेकांचा अंतिम कर ठरू शकतो. हे लाभ लहान नाहीत. परंतु ते दुसऱ्या पायरीचे आहेत. पहिली पायरी सवलतींची आहे.

जगाचा अनुभव

आता ज्यांनी हा प्रयोग केला त्यांच्याकडे पाहू. दुरून डोंगर साजरे दिसतात, म्हणून जरा जवळ जाऊ या.

एस्टोनिया हा जेमतेम तेरा लाख लोकवस्तीचा देश. आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढा. १९९४ मध्ये त्याने २६ टक्के हा एकच दर लागू केला. २०१५ पर्यंत तो २० टक्क्यांपर्यंत खाली आला आणि २०२५ मध्ये २२ टक्के झाला. २००० सालापासून तेथे विवरणपत्र संगणकावर भरता येते. बहुतेक माहिती सरकारनेच आधी भरलेली असते आणि नागरिकाने ती तपासून होकार द्यायचा असतो. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी एकाच दराचे तत्त्व सोडले नाही. पण त्यांच्याही हातून एक चूक झाली. २०१८ मध्ये त्यांनी करमुक्त रक्कम उत्पन्नाबरोबर घटत जाईल असा नियम केला. त्यामुळे दरमहा १२०० ते २१०० युरो मिळवणाऱ्या मध्यमवर्गीयाला वाढीव कमाईवर कागदावरच्या २० टक्क्यांऐवजी प्रत्यक्षात सुमारे ३१ टक्के कर पडू लागला. लोक त्याला ‘कराचे कुबड’ म्हणू लागले. अखेर २०२६ पासून सर्वांना दरमहा ७०० युरोंची सारखीच करमुक्त रक्कम देऊन ते कुबड काढण्यात आले. म्हणजे दर एकच ठेवूनही मागच्या दाराने टप्पे शिरू शकतात.

रशियाने २००१ मध्ये १२, २० आणि ३० टक्क्यांचे टप्पे काढून १३ टक्के हा एकच दर आणला. पुढच्या वर्षभरात प्राप्तिकराचा महसूल महागाई वजा जाता जवळपास एक चतुर्थांशाने वाढला. जगभर डंका वाजला. परंतु आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये बारकाईने पाहिले, तेव्हा महसूल एका दरामुळे वाढला असे सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. लोक पूर्वीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे कर भरू लागले हे खरे, पण त्यात अंमलबजावणीतील सुधारणेचाही वाटा असू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. आणि आज? २०२१ मध्ये रशियाने वरच्या उत्पन्नावर १५ टक्क्यांचा दुसरा दर लावला आणि २०२५ पासून १३ ते २२ टक्के असे पाच टप्पे केले. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये प्राप्तिकर, कंपनी कर आणि मूल्यवर्धित कर असे सारे १९ टक्क्यांवर आणले होते. २०१३ मध्ये तेथे २५ टक्क्यांचा दुसरा दर आला. चेक प्रजासत्ताकात २०२१ मध्ये तेच घडले. बल्गेरिया मात्र २००८ पासून १० टक्क्यांवर आणि हंगेरी २०१६ पासून १५ टक्क्यांवर टिकून आहे.

सरकारला पैशाची निकड भासली की दुसरा दर परत येतो, असा हा बोध आहे. दर हा राजकारणाचा विषय आहे आणि तो बदलत राहणारच. टिकून राहते ती व्यवस्था. एस्टोनियाने कमावले ते त्या व्यवस्थेमुळे.

आपल्या घरचे गणित

आता आपल्या देशाचा हिशेब मांडू. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट देऊन कर शून्य केला. त्यावरील उत्पन्न असेल तर ४ लाखांपासून ५, १०, १५, २०, २५ आणि ३० टक्के असे सहा दर. उपकर आणि अधिभार बाजूला ठेवून मी काही आकडे सांगतो.

समजा, कोणी म्हणाले की पहिले ८ लाख करमुक्त आणि त्यावर सरसकट २० टक्के. ऐकायला छान वाटते. पण १२ लाखवाल्याचा कर शून्यावरून ८० हजार होतो. १६ लाखवाल्याचा १ लाख २० हजारांवरून १ लाख ६० हजार. २६ लाखांवर दोन्ही पद्धतींत कर सारखाच, ३ लाख ६० हजार. आणि ५० लाखवाल्याचा १० लाख ८० हजारांवरून ८ लाख ४० हजारांवर उतरतो. म्हणजे ८ ते २६ लाखांमधील माणसाने वरच्याचा भार उचलायचा! हा सुलभपणा नव्हे, हे ओझ्याचे स्थलांतर आहे.

आता दुसरी मांडणी पाहा. पहिले १२ लाख प्रत्येकाला, अगदी कोट्यधीशालाही, पूर्ण करमुक्त आणि त्यावर एकच दर, ३० टक्के. १३ लाखवाल्याचा कर ७५ हजारांवरून ३० हजारांवर येतो. १६ लाखांवर तो पूर्वीइतकाच राहतो. २४ लाख आणि ५० लाख या दोघांनाही ६० हजार अधिक भरावे लागतात. येथे दर एकच आहे, तरीही १६ लाखवाला आपल्या उत्पन्नाच्या साडेसात टक्के देतो आणि ५० लाखवाला जवळपास २३ टक्के. म्हणजे एकच दर असला की श्रीमंतांना मोकळे रान मिळते, हा आक्षेप सरसकट खरा नाही. आणि एकच दर असला की न्याय होतो, हाही दावा सरसकट खरा नाही. सारे अवलंबून आहे ते करमुक्त रक्कम किती आणि ती सर्वांना सारखी आहे की नाही यावर.

आज ती सारखी नाही. १२ लाखांपर्यंत सूट आहे, पण उत्पन्न त्याच्या वर गेले की ती सूट जाते. कडा फार तीव्र होऊ नये म्हणून कायद्याने सीमांत सवलत दिली आहे. म्हणजे १२ लाखांवर जेवढे जास्त मिळवले, त्याहून अधिक कर घेतला जाणार नाही. ऐकायला दयाळू. पण अर्थ काय? १२ लाखांपासून सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत मिळवलेला प्रत्येक जादा रुपया करातच जातो! १९७३ च्या ९७.७५ टक्क्यांना आपण नावे ठेवतो, आणि या अरुंद पट्ट्यात मध्यमवर्गीयाला शंभर टक्क्यांचा दर लागू आहे. एस्टोनियाचे कुबड आपल्याकडे असे वेगळ्या रूपात उगवले आहे. सूट हिसकावून न घेता तीच रक्कम सर्वांना करमुक्त केली, तर ही विसंगती एका फटक्यात संपेल. फक्त त्याची किंमत वरच्या दराने वसूल करावी लागेल आणि ते उघडपणे सांगावे लागेल.

अडथळा कोणाचा?

हे सारे कोणाला सुचलेच नव्हते असे नाही. २००२ साली डॉ. विजय केळकर यांच्या कृतिदलाने नेमकी हीच दिशा दाखवली होती. १ लाखांपर्यंत कर नाही, त्यावर २० आणि ३० टक्के असे दोनच दर आणि सवलतींच्या जंगलाची छाटणी. देशाने त्याचे स्वागत केले का? नाही. दोनच दर सर्वांना आवडले, छाटणी कोणालाच आवडली नाही. बचतीची सवलत गेली तर मध्यमवर्ग उघड्यावर पडेल, अशी हाकाटी झाली. ती करणाऱ्यांत आमच्या वृत्तपत्रांचे स्तंभही होते आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मी लिहिलेल्या काही ओळीही होत्या. २००५ मध्ये ‘८० सी’ हे कलम आले आणि आपण सारे खूश झालो. पुढे २००९ मध्ये प्रत्यक्ष कर संहितेचा मसुदा आला, २०१० मध्ये विधेयक मांडले गेले, आणि ते घोंगडे भिजत पडले ते पडलेच.

२०२० मध्ये सरकारने निराळी वाट काढली. सवलती रद्द करण्याऐवजी, सवलती नसलेली नवी पद्धत शेजारी ठेवली. ज्याला हवी त्याने ती घ्यावी. २०२३ पासून ती मूळ पद्धत मानली गेली. २०२४ च्या जुलैअखेर भरल्या गेलेल्या ७ कोटी २८ लाख विवरणपत्रांपैकी सुमारे ७२ टक्के नव्या पद्धतीची होती. लोकांनी आपल्या पायांनी कौल दिला. हे पाऊल निःसंशय स्वागतार्ह आहे. पण जोवर दोन पद्धती शेजारी शेजारी आहेत, तोवर प्रत्येकाला हिशेब दोनदा करावा लागतो. सुलभ करायला निघालो आणि गणित दुप्पट झाले.

त्यानंतर आला २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा, १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमे ८१९ वरून ५३६, शब्द सुमारे ५ लाख १२ हजारांवरून २ लाख ६० हजार. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा घोळ संपवून एकच ‘करवर्ष’. भाषा स्वच्छ झाली, याबद्दल अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु धोरण मुळात तेच ठेवले गेले. घराला रंग दिला, अडगळीची खोली तशीच राहिली.

आणि बंधु-भगिनींनो, त्या खोलीत सामान कोणाचे आहे? ते आपले आहे. मार्च महिना आला की गरज नसताना विमा कोण काढतो? कर वाचतो म्हणून ऐपतीबाहेरचे घरकर्ज कोण घेतो? भाड्याची पावती सासऱ्यांच्या नावाने कोण करून घेतो? प्रत्येकाला दुसऱ्याची सवलत ही लूट वाटते आणि स्वतःची सवलत हा हक्क वाटतो. पगारदार म्हणतो, शेती उत्पन्नाच्या आड लपणाऱ्या शहरी धनिकांना धरा. ते योग्यच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचे उत्पन्न कोणत्याही मर्यादेत करपात्र होणार नाही. त्या कवचाचा लाभ घेतात ते दुसरेच. पण तोच पगारदार स्वतःच्या ‘८० सी’ला हात लावू देत नाही. व्यापाऱ्याचे खर्च, उद्योजकाच्या वजावटी, गुंतवणूकदाराचे निराळे दर, प्रत्येक सवलतीमागे एक संघटित गट उभा आहे. सवलत ज्याला मिळत नाही, तो माझ्या आत्यासारखा एकटा असतो. त्याची संघटना नसते.

सवलत म्हणजे सरकारने न घेतलेला पैसा, असे आपण समजतो. वास्तविक ती दुसऱ्या करदात्याने भरलेली रक्कम असते. एकाची वजावट म्हणजे दुसऱ्याचा वाढलेला दर. बचत करण्याची ऐपत ज्याच्यात आहे त्याला बक्षीस, आणि ज्याचा सारा पगार आईच्या औषधांत व मुलांच्या पोटात जातो त्याला पूर्ण दराने कर, हा न्याय कसा म्हणता येईल?

आपण काय करावे?

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतात की, राजाने भुंग्यासारखा कर घ्यावा, फुलाला इजा न करता. आपण सारे हा दाखला सरकारला ऐकवतो. पण फुलानेही आपला मध पाकळ्यांत लपवून ठेवू नये, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग नाही का?

माझे म्हणणे थोडक्यात असे. दर एक असावा की तीन, यावर मतभेद होऊ द्या. पण पहिली मागणी असावी ती उत्पन्नाच्या एकाच व्याख्येची. रुपया पगाराचा असो, व्याजाचा असो, भाड्याचा असो की नफ्याचा, तो रुपयाच आहे, या तत्त्वाच्या जितके जवळ जाता येईल तितके जावे. दुसरी मागणी, जुन्या पद्धतीला एक निश्चित अंतिम तारीख द्यावी. तिच्या भरवशावर घरकर्ज घेतलेल्यांना पुरेसा अवधी मिळावा, पण तारीख ठरावी. तिसरी, काढून घेतली जाणारी सूट बंद करून सर्वांना सारखी करमुक्त रक्कम द्यावी. हे तीन झाले की, दर दोन ठेवायचे की एक, हा प्रश्न सोपा होईल. आणि हे झाले नाही, तर एकच दर आणूनही पोस्टकार्डाऐवजी वहीच भरावी लागेल.

यातील पहिली पायरी आपल्या हातात आहे. येत्या मार्चमध्ये कर वाचवण्यासाठी म्हणून एकही गुंतवणूक करू नका. विमा हवा असेल तर विम्यासाठी घ्या, घर हवे असेल तर राहण्यासाठी घ्या. आणि पुढच्या वेळी आपले लोकप्रतिनिधी भेटतील तेव्हा, “आमची सवलत वाढवा,” असे म्हणण्याऐवजी, “सर्वांच्या सवलती काढा, आमचीही,” असे म्हणून पाहा. मीही तेच म्हणणार आहे, कारण २००२ साली लिहिलेल्या त्या ओळींचे ऋण माझ्यावर आहे.

शिवकालीन रयतेला आपला वाटा आधी ठाऊक असे, असे मी सुरुवातीला म्हणालो. लाखो शब्दांच्या कायद्याचीही कसोटी तीच असली पाहिजे. सत्तरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला, कोणाला फी न देता, कोणता अर्ज न शोधता, आपले देणे काय आहे हे एका कागदावर कळले पाहिजे. आणि देणे नसेल, तर ते न देण्यासाठी तिला हुशार असण्याची गरज पडता कामा नये.